अल्टोचा मेकओव्हर, बजेट २५ हजार फक्त!

सगळा घोळ त्या नव्या नंबरप्लेटमुळे झाला.

म्हणजे झालं असं की, एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची सक्ती आली आणि २०२५ च्या पावसाळ्यात मीही रीतसर ७४५ रुपये अधिक जीएसटी भरून ती बसवून घेतली. कोरी करकरीत, होलोग्रामवाली, चकचकीत प्लेट. आणि तिच्याभोवती माझी २००८ ची अल्टो! उसवलेल्या शर्टावर कुणी नवा टाय बांधावा, तसं दिसायला लागलं ते. इतके दिवस गाडी ‘जरा जुनी’ दिसायची. प्लेट लागली आणि ती एकदम म्हातारी झाली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी बाणेरला एका क्लायंटकडे मीटिंग होती. गेटवर गाडी थांबवली. सिक्युरिटीवाल्यानं आधी छपराकडे पाहिलं, मग बॉनेटकडे, मग माझ्याकडे. आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘‘मॅडम, डिलिव्हरी मागच्या गेटनं.’’

मी मागच्या गेटनं गेले. वाद घालायला वेळ नव्हता. पण मीटिंगभर डोक्यात तेच. त्या मीटिंगमध्ये मी माझा रेट वाढवून मागणार होते. नाही मागितला. आता याचा आणि गाडीच्या रंगाचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मलाही माहिती आहे की काही नाही. पण मागच्या गेटनं आत आलेल्या माणसाचा आवाज थोडा खालीच लागतो.

ही गाडी मुळात बाबांची. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये नॅनो पहिल्यांदा दाखवली गेली आणि सगळे नातेवाईक बाबांना सांगत होते, थांबा, लाखात गाडी येतेय. बाबा थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी अल्टो घेतली. रंग ‘सिल्की सिल्व्हर’. मी तेव्हा शाळेत होते. साताऱ्यात आमच्या आळीत ती गाडी आली तेव्हा आईनं तिला ओवाळलं होतं आणि मी आठवडाभर तिच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढू दिलं नव्हतं. पुढे बाबांना काचबिंदू झाला, बाजूचं दिसणं कमी होत गेलं आणि २०२१ मध्ये एक दिवस त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘‘पुण्यात तुला लागेल,’’ इतकंच म्हणाले. २०२३ मध्ये गाडीला १५ वर्षं पूर्ण झाली, पाच हजार फी आणि वर पर्यावरण कर भरून मी तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलं. म्हणजे कागदोपत्री ती २०२८ पर्यंत ठणठणीत आहे. चेहऱ्यावरून मात्र...

चेहऱ्याचं सांगते. छपरावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे. हे चट्टे म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. मेटॅलिक रंगात दोन थर असतात. खाली रंग आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. चकाकी आणि संरक्षण दोन्ही त्या वरच्या थराचं. तो उन्हानं मरतो. छप्पर आणि बॉनेट दिवसभर आकाशाकडे तोंड करून असतात, म्हणून तिथं पहिल्यांदा मरतो. मग पोपडे निघतात आणि खालचा रंग उघडा पडतो. माझ्या सोसायटीत पार्किंग ‘ओपन टू स्काय’ आहे, हे वेगळं सांगायला नकोच. शिवाय डाव्या बाजूला दोन पोचे, डाव्या फेंडरला ओरखडे आणि उजव्या मागच्या दारावर साताऱ्याच्या फाटकाची कायमची आठवण.

तर ठरलं. रंग द्यायचा. बजेट २५ हजार. हा आकडा कुठून आला? बँकेत तेवढेच होते. एका कंपनीच्या न्यूजलेटरचे ३८ हजार यायचे होते, पण ते ‘प्रोसेसमध्ये’ होते. फ्रीलान्सर मंडळींना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

पहिला फोन एका मोठ्या, एसी वेटिंग रूमवाल्या वर्कशॉपला. फुल बॉडी पेंट ५८ हजार, वर १८ टक्के जीएसटी. मी हिशेब केला. जुन्या गाड्यांच्या एका डीलरनं मला अख्ख्या गाडीचे ६० हजार देऊ केले होते. म्हणजे गाडी रंगवण्यापेक्षा तिच्यावर ‘विकणे आहे’ लिहिणं स्वस्त. एक मित्र म्हणाला, रॅप करून टाक ना! त्याचाही आकडा बजेटबाहेरच होता. आणि रॅप चांगला बसायला खालचा रंग धड लागतो. पोपड्यांवर चिकटवला तर पोपडे दिसतातच, आणि काढताना उरलासुरला रंगही सोबत घेऊन निघतो. दुसरा एक मित्र म्हणाला, मॅट ब्लॅक कर, कसली भारी दिसेल! भारी दिसली असती. पण गाडीचा रंग आरसीवर लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओत नोंद करायची, विमा कंपनीला कळवायचं. शिवाय रंग बदलायचा म्हणजे दारांच्या आतल्या कडा, डिकीची आतली बाजू, सगळंच रंगवावं लागतं. नाहीतर दार उघडलं की जुना रंग डोकावणार! जुनाच रंग ठेवला की हा सगळा खर्च वाचतो. बजेट कमी असेल तर पहिला फंडा हाच, रंग बदलू नका.

मग शोध सुरू झाला साध्या गॅरेजचा. सिंहगड रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये मी एका शनिवारी सहा गॅरेज फिरले. एकानं १४ हजारांत अख्खी गाडी करून देतो म्हटलं. मी जाम खूश. कुठला रंग वापरणार, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘एकदम ओरिजिनल.’’ सगळेच ओरिजिनल म्हणतात, तेव्हा विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ‘एनसी की टू-के?’ एनसी म्हणजे थिनर उडाला की वाळणारा रंग. स्वस्त, झटपट, पण उन्हात लवकर निस्तेज होतो आणि पेट्रोल सांडलं तरी खराब होतो. टू-के म्हणजे दोन भागांचा. रंगात किंवा क्लिअरमध्ये हार्डनर मिसळतात, रासायनिक प्रक्रियेनं तो कडक होतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. १४ हजारवाला एनसी मारणार होता.

सहाव्या गॅरेजमध्ये मामा भेटले. मामा म्हणजे वय साठीच्या आसपास, गळ्यात गमछा, बोटांच्या पेरांत कायमचा प्राइमर. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही आधी. मलाच विचारलं, ‘‘ताई, अजून किती वर्षं चालवणार?’’

‘‘तीन तरी.’’

‘‘मग सगळी गाडी कशाला रंगवता?’’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. धंदा नको म्हणणारा माणूस पुण्यात पाहिला आहे, पण तो सहसा दुपारी एक ते चारच्या दरम्यान असतो. हे सकाळी अकरा वाजता!

मामांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग डोळे मिटून डाव्या दारावरून हळूहळू पंजा फिरवला. ‘‘इथं आधी काम झालंय. लांबी आहे आत.’’ खिशातून एक छोटं लोहचुंबक काढून त्यांनी दाराखालच्या पट्टीला लावलं. रनिंग बोर्ड म्हणतात तिला. चुंबक चिकटलं नाही, घसरून खाली पडलं. पत्र्यावर चुंबक चिकटतं, जाड लांबीवर चिकटत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ही ट्रिक लिहूनच ठेवा. फ्रिजवरचं साधं मॅग्नेट चालतं. फक्त मध्ये रुमालाचा पातळ कपडा धरा, नाहीतर नवा ओरखडा तुमचा.

मामांचा प्लॅन असा होता. जिथं क्लिअर मेलंय आणि जिथं पोचे आहेत तेवढेच पत्रे करायचे. बॉनेट, डावं फेंडर, डावीकडची दोन दारं आणि उजवं मागचं दार, प्रत्येकी तीन हजार. छप्पर मोठं, त्याचे साडेचार. पोचे काढायचे दीड. उरलेल्या गाडीला रबिंग आणि पॉलिश, दोन हजार. एकूण २३ हजार. टू-के क्लिअरसकट.

‘‘पण नवा रंग आणि जुना रंग वेगळे दिसणार नाहीत का?’’

‘‘गाडीची डावी बाजू आणि उजवी बाजू एका वेळी बघून दाखवा,’’ मामा म्हणाले.

बरोबर की! शिवाय छप्पर आणि बॉनेट आडवे असतात. सिल्व्हरसारखा मेटॅलिक रंग कोन बदलला की तसाही वेगळाच दिसतो, त्यामुळे आडव्या पत्र्यातला बारीक फरक डोळ्याला जाणवत नाही. आणि रंगाचं काम पत्र्याच्या जोडावरच थांबवायचं, मध्येच कधी नाही. खरी मेख पुढे होती. रंगाचा कोड गाडीवर एका पट्टीवर छापलेला असतो, पण तो २००८ चा रंग. सतरा वर्षं ऊन खाल्लेला रंग कुठल्याच कोडात नसतो. म्हणून मामांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण खोलून, घासूनपुसून रंगाच्या दुकानात नेलं आणि त्याच्यावरून रंग बनवून आणला. एक पत्र्याचा तुकडा रंगवून उन्हात धरून पाहिला. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात दगा देतो.

हे सगळं दिवाळीनंतर. मी गेले होते पावसाळ्याच्या शेवटी, पण मामांनी परत पाठवलं. हवेत दमटपणा असला की रंगाखाली ओल अडकते, वर पांढरट धुकं येतं नाहीतर नंतर फोड येतात. उघड्या शेडमध्ये काम करणाऱ्याला पावसात घाई करून चालत नाही.

आता मला वाटायचं, पेंटर म्हणजे गन घेऊन फवारणारा माणूस. चार दिवसांत गन चालली ती जेमतेम काही तास. बाकी सगळं घासणं. आधी साबणानं धुणं, मग मेण आणि तेलकटपणा काढणं. मग खरखरीत पॉलिश पेपर, पोच्यांवर पातळ लांबी, परत घासणं, प्राइमर, मग पाणी मारत मारत वॉटर पेपर. जाड लांबी भरली की ती पुढे तडकते, म्हणून आधी पोचा पत्र्यातूनच जमेल तेवढा बाहेर काढायचा आणि लांबी फक्त शेवटच्या सफाईला. स्वस्त काम आणि चांगलं काम यांत फरक पडतो तो इथं. डब्यातला रंग दोघांचा एकच असू शकतो.

काचा झाकायला जुनी वर्तमानपत्रं लावली होती. मागच्या काचेवर माझाच लेख! बायलाइनवर बरोबर मास्किंग टेप. मी मामांना दाखवलं. ते म्हणाले, ‘‘कागद चांगला आहे, रंग पाझरत नाही.’’ आजवर माझ्या लिखाणाला मिळालेली ही सगळ्यात ठोस प्रतिक्रिया. नव्या नंबरप्लेटलाही कागद लावला होता. तिचे लॉक एकदाच बसतात, तोडून काढले तर परत बसत नाहीत. तुम्हीही ती काढू देऊ नका, झाकूनच काम करायला सांगा.

भिंतीवर खिळ्याला फिल्टरवाला मास्क लटकत होता आणि मामांच्या तोंडाला गमछा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, फुप्फुसांना फार वाईट. गमछ्यानं ते अडत नाहीत. मी बोलले. मामा म्हणाले, उकडतं. मी मोबाइल काढून म्हटलं, फोटो काढतेय, लेखात टाकेन. लगेच मास्क चढला. मी पुढचा दीड तास फोटो काढण्याचं नाटक करत बसून राहिले.

आणि दुसऱ्याच दिवशी वाट लागली होती. मामांनी डाव्या रनिंग बोर्डमधली जुनी लांबी खरवडली आणि आतून चक्क माती पडली. माती आणि गंजाचे पापुद्रे. माझी दोन बोटं आत जातील एवढं भोक! कुणीतरी कधीतरी गंज न काढता वरून लांबी थापून रंग मारला होता आणि खाली निवांतपणे पत्रा खाल्ला जात होता.

‘‘वरून परत भरू शकतो,’’ मामा म्हणाले. ‘‘दोन वर्षं काही दिसणार नाही. पण हा नुसता शो नाही ताई. हा गाडीचा कणा आहे. बाजूनं कुणी ठोकलं तर मार हा घेतो.’’

सडलेला भाग कापून, नवा पत्रा वेल्ड करून, गंजरोधक मारून रंग, साडेचार हजार. २३ अधिक साडेचार, साडेसत्तावीस. माझ्याकडे २५. ‘प्रोसेसमधले’ पैसे अजूनही प्रोसेसमध्येच. मी तिथंच उभं राहून अकाउंट्सवाल्यांना फोन लावला. उचलला नाही.

मित्राकडून अडीच हजार मागता आले असते. बाबांकडे तर नक्कीच. पण बाबांना मी दर रविवारी फोनवर सांगते की काम भरपूर आहे, मस्त चाललंय. नोकरी सोडून तीन वर्षं झाली, तीन वर्षं हेच वाक्य.

‘‘उजवं मागचं दार राहू द्या,’’ मी म्हटलं.

साडेसत्तावीस वजा तीन, साडेचोवीस. उरलेले पाचशे फास्टॅगमध्ये टाकले आणि चार दिवसांनी गाडी घेऊन थेट साताऱ्याला निघाले.

काय दिसत होती म्हणून सांगू! खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मी बॉनेटमध्ये आकाश पाहिलं. खंबाटकीच्या घाटात उगाच एका एसयूव्हीच्या शेजारून गेले. मामांनी सांगितलं होतं, महिनाभर पॉलिश नको, वॅक्स नको, पक्ष्यांची घाण पडली तर लगेच पाण्यानं धुवायची. मी तर धूळसुद्धा पडू देणार नव्हते.

घरासमोर गाडी लावली, मुद्दाम डावी बाजू दाराकडे करून. आई बाहेर आली आणि ‘‘अगंबाई, नवी घेतलीस?’’ म्हणाली. २५ हजार वसूल! बाबा मागून आले. त्यांना आता समोरचं दिसतं, कडेचं नाही. ते गाडीच्या अगदी जवळ गेले आणि बॉनेटवर हात ठेवला. मग फेंडर, मग डावं दार, मग खाली वाकून रनिंग बोर्ड. डोळे मिटून, मामांसारखाच पंजा सपाट ठेवून. ‘‘चांगला माणूस मिळाला तुला,’’ म्हणाले. मग डिकीला वळसा घालून पलीकडे गेले. मी म्हटलं, बाबा, चहा होतोय, आत चला. ते थांबले नाहीत. उजव्या मागच्या दारावर हात थांबला. फाटकाचा ओरखडा. बोटांनी एक पोपडा उचकटून त्यांनी डोळ्यांसमोर धरला.

‘‘हे राहिलं का?’’

ती ब्लेंडिंगची पद्धत असते, असं काहीतरी सांगता आलं असतं. तोंडात आलंही होतं.

‘‘पैसे संपले, बाबा.’’

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता नोकरीचा विषय निघणार. एखाद्या काकांच्या मुलीचं पॅकेज निघणार. बाबा दाराला टेकून उभे राहिले.

‘‘ही गाडी घेतली तेव्हा टेप नव्हता हिच्यात. आठवतं?’’

न आठवून काय! पहिले आठ महिने आम्ही गाणी न ऐकता फिरलो. महाबळेश्वरला गेलो तेव्हा मी आणि दादानं अख्खा घाट भेंड्या खेळून काढला होता. गाणी ऐकत गाडी चालवू नये, लक्ष विचलित होतं, असं बाबांचं ठाम मत होतं. मग एक दिवस टेप बसला आणि ते मत गेलं. कुठं गेलं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

‘‘डाउन पेमेंट केल्यावर माझ्याकडेही काही उरलं नव्हतं,’’ बाबा म्हणाले. ‘‘तुम्हाला कसं सांगणार? मग म्हटलं, लक्ष विचलित होतं.’’

आईनं आतून चहाला हाक मारली. बाबांनी तो पोपडा खिशात टाकला, का ते देव जाणे, आणि जाताजाता म्हणाले, ‘‘दाराचे पैसे मी देणार नाही. तुझे आले की कर.’’

मला ते फार बरं वाटलं.

न्यूजलेटरचे ३८ हजार परवा जमा झाले. मामांना फोन केला, ते म्हणाले झाकण घेऊन या, म्हणजे टाकीचं. आणि हो, बाणेरच्या त्या क्लायंटकडे परत मीटिंग आहे. या वेळी रेट मागणार आहे. दार व्हायच्या आधीच.